रुकीचा पत्ता

रात्री साडेअकराला डायनिंग टेबलावर स्टीलची पट्टी घेऊन मी एका कार्डाची पांढरी कड मोजत होतो. डावीकडे दीड मिलिमीटर, उजवीकडे दोनला थोडी कमी. बायको पाणी प्यायला उठली होती. मिनिटभर उभं राहून तिनं बघितलं आणि विचारलं, "पत्रिका जुळवतोयस का कुणाची?"

तसं म्हटलं तर तेच चाललं होतं. टेबलावर बेसबॉलची चार कार्डं होती आणि सकाळी ती ग्रेडिंगला, म्हणजे तपासून गुण द्यायला, पाठवायची होती.

यात मी पडलो तो मुलामुळे. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लिटिल लीग म्हणजे मुलांचं बेसबॉल; त्याच्या सामन्यांना मैदानाकडेला घडीची खुर्ची टाकून बसायचो. क्रिकेट रक्तात असलेल्या माणसाला चेंडू हुकला तरी 'स्ट्राइक', नुसता सोडून दिला तरी 'स्ट्राइक', हे पचायला अख्खा एक मोसम गेला. मग एका शनिवारी गल्लीतल्या गराज सेलमध्ये सहा डॉलरला बुटाचं खोकं मिळालं, आत सातआठशे कार्डं. लहानपणी सांगलीत डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांसाठी मी जेवण सोडून भांडलेलो आहे, त्यामुळे हाताला वळण होतंच. दोघं बापलेक जमिनीवर बसून निवडायला लागलो.

बहुतेक सगळी कवडीमोलाची निघाली. १९८०च्या दशकाच्या शेवटी कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की त्या काळाला इथले लोक 'जंक वॅक्स' म्हणतात; वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद आणि जंक म्हणजे काय ते सांगायला नको. पण त्यात एक होतं अप्पर डेक कंपनीचं १९८९ सालचं, क्रमांक १. केन ग्रिफी ज्युनिअर. एकोणीस वर्षांचा पोरगा, दात दाखवून असा हसतोय की जणू पुढे ६३० होम रन मारायचे आहेत हे त्याला ठाऊकच आहे.

रुकी कार्ड म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड, एवढीच माझी तेव्हा समजूत होती. ती दोन महिनेही टिकली नाही.

घरापासून वीस मिनिटांवर कार्डांचं एक दुकान आहे. मालक सत्तरी ओलांडलेले, चष्मा कायम कपाळावर. कॉफीचा पेला काउंटरवर ठेवतात, पण कार्डांपासून हातभर लांब. माझ्या मुलानं त्यांना 'आजोबा' म्हणायला सुरुवात केली. अर्थ कळल्यावर त्यांनी आपली हरकत नसल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून मीही मनात त्यांना आजोबाच म्हणतो. आजोबांची व्याख्या कडक होती. मोठ्या कंपनीचा, देशभर विकला जाणारा नेहमीचा संच हवा. कार्ड पाकिटातून निघालेलं हवं. अंगावर मेजर लीगचा, म्हणजे इथल्या सगळ्यांत वरच्या लीगचा, गणवेश हवा. आणि असं छापलं जाण्याचं ते पहिलं वर्ष हवं. यातलं एक जरी हुकलं तर ते कार्ड असेल, चांगलंही असेल, पण रुकी नसेल.

मला हे फार पटलं. पहिल्यांदा वारीला निघालेल्याला जेवढा उत्साह असतो तेवढ्या उत्साहानं मी घरी येऊन मुलाला ही व्याख्या शिकवली. त्यानं शांतपणे विचारलं, "मग रिपकेनचं काय?"

हा रिपकेनचा तंटा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण आमच्या घरात तो वर्षभर पुरला. कॅल रिपकेन ज्युनिअर, बाल्टिमोर ओरिओल्स. सलग २,६३२ सामने खेळलेला माणूस. लू गेरिगचा २,१३० सामन्यांचा विक्रम त्यानं १९९५ साली मागे टाकला. त्याचं टॉप्स कंपनीचं १९८२चं कार्ड, क्रमांक २१, 'ओरिओल्स फ्यूचर स्टार्स' नावाचं आहे आणि त्यावर तीन चेहरे आहेत: बॉब बॉनर, रिपकेन आणि जेफ श्नायडर. उरलेले दोघं कोण, असं विचारू नका. भविष्यातले तारे म्हणून छापले गेले, एवढीच बेसबॉलमधली त्यांची मोठी आठवण. रेशनकार्डावरच्या कुटुंबाच्या फोटोसारखं ते कार्ड दिसतं. पण पाकिटातून निघालेलं, नेहमीच्या संचातलं, म्हणजे व्याख्येप्रमाणे सोळा आणे रुकी.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात टॉप्सनं 'ट्रेडेड' नावाचा १३२ कार्डांचा पुरवणी संच काढला. त्यात रिपकेन एकटा, ऐसपैस. पण हा संच पाकिटांतून आला नाही, खोक्यातून आला, तोही मुख्यत्वे कार्डविक्रेत्यांकडूनच मिळायचा. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दोन नाणी टाकून पोराला ते कार्ड लागणं शक्यच नव्हतं. म्हणून बेकेट कंपनीच्या किंमतपुस्तिकेनं अशा कार्डांसाठी वेगळीच जात काढली, 'एक्सआरसी', वाढीव रुकी. धड घरचं नाही, धड पाहुणं नाही. आणि गंमत म्हणजे बाजारात या वाढीव रुकीला खऱ्या रुकीपेक्षा कितीतरी पट जास्त भाव आहे. लोकांना श्नायडर आणि बॉनर नकोच आहेत.

मी व्याख्येच्या बाजूनं, मुलगा चेहऱ्याच्या बाजूनं. "बाबा, यात तो दिसतो तरी," हा त्याचा सगळा युक्तिवाद. शेवटी दोन्ही घेतली. तीन चेहऱ्यांचं मी एका फ्ली मार्केटात तीस डॉलरला उचललं. विक्रेत्यानं ते आधीच जाड प्लास्टिकमध्ये बंद करून ठेवलं होतं आणि मीही बाहेर काढून बघितलं नाही. ही चूक पुढे भोवली. ट्रेडेडवालं मुलानं आजोबांच्या दुकानातून घेतलं, वाढदिवसाचे जमलेले एकशे दहा डॉलर मोजून.

आजोबांच्या व्याख्येला त्यांच्याच दुकानात शनिवारी तडे जायचे. काउंटरशी चारपाच नेहमीची मंडळी असत. कुणी मिकी मँटल या जुन्या दिग्गजाचं नाव काढायचा. १९५२च्या टॉप्सचं मँटलचं कार्ड २०२२ साली लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, आणि ते त्याचं रुकी नाहीच. रुकी आदल्या वर्षीचं, १९५१चं, बोमन कंपनीचं. कुणी बेब रूथवर यायचा. १९१४चं त्याचं कार्ड एका बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रानं काढलं, त्यात तो अजून मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या, संघातला. ते २०२३ साली ७२ लाख डॉलरला विकलं गेलं. त्याचं रुकी म्हणून मानतात ते १९१६चं. मग आधीचं काय म्हणायचं? आजोबा म्हणायचे, "रुकीच्या आधीचं." बाकीचे हसायचे. सत्तर लाखांच्या वस्तूला नाव नाही!

माझ्या ग्रिफीचीच गोष्ट घ्या. अप्पर डेकनं १९८९चा पहिलावहिला संच काढला तेव्हा क्रमांक १ साठी ज्याची निवड झाली तो पोरगा अजून मेजर लीगचा एकही सामना खेळलेला नव्हता. त्याच्या सिअॅटल मॅरिनर्स संघाच्या टोपीतला फोटो मिळेना, म्हणून सॅन बर्नार्डिनो स्पिरिट या मायनर लीग संघाच्या गणवेशातला फोटो घेऊन टोपी रंगवून मॅरिनर्सची केली. म्हणजे ज्या कार्डाला अख्खी एक पिढी रुकी कार्डांचा राजा मानते त्यातली टोपी खोटी आहे! ग्रिफी पहिला सामना खेळला ३ एप्रिल १९८९ला, ओकलंडमध्ये, आणि पहिल्याच खेपेला डेव्ह स्ट्युअर्टच्या चेंडूवर डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका, मारला. कार्ड त्याच्या आधीचं. तो अपयशी ठरला असता तर हेच कार्ड माझ्या बुटाच्या खोक्यात तळाशी गेलं असतं.

२००६ साली लीग आणि खेळाडूंच्या संघटनेनं हा घोळ मिटवायचा प्रयत्न केला. मेजर लीगच्या संघात पोचल्याशिवाय मूळ संचात रुकी म्हणून छापायचं नाही, आणि छापाल त्यावर आरसीचं, म्हणजे 'रुकी कार्ड'चं, चिन्ह टाकायचं. घोळ मिटला नाही, दुप्पट झाला. कारण मायनर लीगमधल्या पोरांची कार्डं बोमनच्या संचांत वेगळ्या यादीखाली येतच राहिली. माइक ट्राउटचं बोमनचं कार्ड २००९चं आणि आरसीचं चिन्ह असलेलं टॉप्स अपडेटचं २०११चं. त्या २००९च्या कार्डाची एकमेव सोनेरी, सही असलेली प्रत २०२०मध्ये जवळपास ३९ लाख डॉलरला गेली. चिन्ह एकावर, पैसा दुसऱ्यावर.

हे सगळं मी जेवताना तावातावानं सांगत होतो. बायको भाजी वाढता वाढता म्हणाली, "एक साखरपुडा आणि एक लग्न. एवढं काय त्यात?"

खरं सांगतो, शनिवारच्या मंडळींना हे मी इंग्रजीत समजावून सांगितलं तेव्हा दुकानात क्षणभर शांतता पसरली. आता तिथे बोमनच्या कार्डाला सर्रास 'एंगेजमेंट' म्हणतात. फक्त इथे आहेर साखरपुड्यालाच जास्त येतो.

चौथं कार्ड इचिरोचं, २००१च्या टॉप्सचं, आणि त्यावर मात्र माझंच मन दोन्ही बाजूंना ओढतं. सिअॅटलला आला तेव्हा इचिरो सत्तावीस वर्षांचा होता. जपानमध्ये ओरिक्स संघाकडून सलग सात वर्षं फलंदाजीचा किताब घेऊन आलेला. पहिल्याच वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम रुकी आणि सर्वोत्तम खेळाडू, दोन्ही मान त्याला मिळाले. जपानमधली त्याची कार्डं १९९३पासूनची आहेत. दहा वर्षं रणजी गाजवून एखादा मुंबईकर कसोटीत आला, तर वानखेडेवर त्याला 'नवखा' म्हणायची कुणाची छाती होईल? आजोबा म्हणतात, इथला नियम इथे. मी म्हणतो, हा नियम फक्त अमेरिकेतून बघितल्यावर दिसतो. नोकरी बदलून इथे आल्यावर माझा आधीचा नऊ वर्षांचा अनुभव कागदावर पाचाचा झाला होता, त्यामुळे या बाबतीत मी तटस्थ नाही, हे मान्य.

तर अशी ही चार. आता ग्रेडिंग.

कल्पना सोपी आहे. कार्ड कंपनीला पाठवायचं, ते लोक खरं-खोटं तपासतात, भिंगाखाली बघून एक ते दहा गुण देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. त्या डबीला स्लॅब म्हणतात. पीएसए ही कंपनी १९९१पासून आहे, एसजीसी १९९८पासून, बेकेटचं ग्रेडिंग १९९९पासून. माझी कुणाकडे गेली ते सांगत नाही. तक्रार आहे, पण बोट दाखवण्याइतकी मोठी नाही. बघतात काय? कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि सेंटरिंग, म्हणजे चित्र कागदाच्या मधोमध आहे का. दहा हवे असतील तर पुढच्या बाजूनं ५५-४५च्या आसपासच फरक चालतो. म्हणून ती मध्यरात्रीची पट्टी. माझ्या ग्रिफीचं गणित ५५-४५च्या काठावर येत होतं आणि मी तीनदा मोजून प्रत्येक वेळी थोडी माझ्या बाजूनं मोजणी करत होतो.

पण ग्रिफीचं खरं दुखणं कोपऱ्यात असतं. क्रमांक १ असल्यामुळे संच क्रमानं लावला की हेच सगळ्यांत वर. खोक्याचं झाकण, रबरबँड, पोरांची बोटं, सगळं पहिल्यांदा याच्याच वाट्याला. दहापट भिंगातून डावा खालचा कोपरा बघितला. नुसत्या डोळ्याला टोकदार. भिंगाखाली तिथे कागदाचा पांढरा कापूस बाहेर आलेला, उदबत्तीच्या विझलेल्या टोकाएवढा. त्याला काही करता येत नाही. मऊ कापडानं धूळ टिपायची, बस. ओलं काही लावलं, कोपरा दाबून सरळ केला, कड कापली, की कार्ड बाद.

पॅकिंग मुलानं केलं, माझा हात थरथरतो म्हणून. आधी पातळ पेनी स्लीव्ह. कार्ड आत सरकवताना कोपरा काठावर अडकू नये म्हणून स्लीव्हचं तोंड कात्रीनं तिरकं कापायचं, हे आजोबांनी शिकवलं. मग ते लवचीक प्लास्टिकच्या पाकिटात. कडक डबीत पाठवायचं नाही, काढताना तिथल्याच माणसाच्या हातून कोपरा जायचा. वर चिकटचिठ्ठीचा छोटा तुकडा, ओढायला. चारही पाकिटं दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, भोवती रबरबँड, पण इतकाच घट्ट की पुठ्ठा वाकू नये.

फॉर्ममध्ये एक रकाना असतो: जाहीर किंमत. कार्ड गहाळ झालं तर भरपाई त्यावर, आणि फीसुद्धा त्यावरच. म्हणजे आपल्याच कार्डाला किती गुण पडतील ते आधीच ठरवून किंमत लिहायची. जास्त लिहिली तर फी वाढते, कमी लिहिली आणि गुण चांगले पडले तर ते नंतर फरक लावतात. मी मध्यमवर्गीय आकडे लिहिले. कार्डामागे पंचवीस डॉलर, शिवाय जाण्यायेण्याचं विम्यासकट टपाल. सहा डॉलरच्या खोक्याची ही कथा बायकोला अजून पूर्ण आकड्यांसह सांगितलेली नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. अख्ख्या फॉर्मवर 'हे रुकी आहे का' असा प्रश्नच नव्हता. वर्ष, कंपनी, क्रमांक, नाव. ज्यावर आम्ही वर्षभर भांडलो त्याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं.

मग वाट बघणं. सांगितली होती पंचेचाळीस कामकाजाच्या दिवसांची मुदत, लागले पाच महिने. संकेतस्थळावर 'पोचलं' हा शब्द दहा आठवडे तसाच. ग्राहकसेवेला दोन पत्रं लिहिली, दोन्हींना अक्षर न अक्षर सारखं उत्तर आलं. तहसील कचेरीत सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं. तिथे निदान चहाची टपरी तरी होती.

खोकं आलं तेव्हा मुलगा शाळेत होता, आणि तो येईपर्यंत मी ते उघडलं नाही. हे माझ्या हातून या सगळ्यात झालेलं एकमेव संयमाचं काम.

इचिरो, नऊ. ग्रिफी, आठ, त्या कोपऱ्यानं घात केला. दहा गुण मिळालेली ग्रिफीची कार्डंच चार हजारांच्या वर आहेत, तेव्हा आठ म्हणजे आठवणीपुरता. रिपकेन ट्रेडेड, नऊ. मुलगा खुर्चीवर चढला.

चौथं स्लॅबमध्ये नव्हतं. मी पाठवलेल्याच पाकिटात परत आलं होतं, सोबत छापील चिठ्ठी: कड कापल्याचा पुरावा, गुण नाहीत. फी मात्र कापलेली.

तीन चेहऱ्यांचं, व्याख्येप्रमाणे सोळा आणे असलेलं, माझं रिपकेन.

शनिवारी आजोबांकडे नेलं. त्यांनी बॉक्समधून त्याच वर्षाचं एक दहा सेंटचं कार्ड काढलं, माझ्या कार्डामागे धरून दोन्ही टेबलावर ठोकून सारखी केली आणि उभी करून उजेडात धरली. मागच्या कार्डाची एक बारीक पांढरी रेघ उजव्या बाजूनं डोकावत होती. केसाएवढी. कुणीतरी कधीतरी झिजलेली कड कापून धारदार केली होती, आणि मी त्या धारदार कडेवर भाळलो होतो. आजोबा म्हणाले, जगातल्या सगळ्यांत प्रसिद्ध कार्डाचंही हेच झालं. आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्कीनं भागीदारीत घेतलेलं, होनस वॅग्नर या जुन्या बेसबॉलपटूचं कार्ड, पीएसएनं सगळ्यांत आधी ग्रेड केलेलं. त्याला आठ गुण मिळाले, आणि त्याची कड आपणच कापली होती हे बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं २०१३ साली कबूल केलं. ते कार्ड मात्र आजही आठाच्याच डबीत आहे. माझ्या कार्डाचे पाच डॉलर देतो म्हणाले. मी नको म्हटलं.

घरी येऊन मुलानं स्लॅब शेल्फवर मांडले आणि भिंग घेऊन घरभर हिंडायला लागला. त्याला आता सगळ्यात कापलेल्या कडा दिसत होत्या. फिरत फिरत तो फ्रिजपाशी थांबला. तिथे लोहचुंबकाखाली त्याचं स्वतःचं कार्ड आहे. इथे मुलांच्या संघाचा फोटो काढायला येणारा माणूस तशी छापून देतो, पुढे फोटो, मागे उंची आणि आवडता खेळाडू. हे पाच वर्षांचा असतानाचं, टी-बॉलचं, म्हणजे छोट्या मुलांच्या बेसबॉलचं, हेल्मेट नाकापर्यंत आलेलं. लिटिल लीगचं दुसरं एक आजीकडे सांगलीत आहे.

"बाबा, माझं रुकी कुठलं? हे की आजीकडचं?"

मी व्याख्या आठवायला लागलो. तोवर त्यानं कार्ड काढून परत आलेल्या माझ्या रिपकेनच्या मागे धरलं, टेबलावर ठोकलं आणि भिंग लावलं.

"आई! हे कापलेलं आहे!"

"पाकिटात बसेना," ती आतून म्हणाली. "मीच कापलं."